कपडेपटासाठी जुने कपडे हवेत, पण रंग बघून!

नमस्कार मंडळी,

आपल्या नाट्यगटाचा स्वतःचा कायमचा कपडेपट उभा करायचं काम आम्ही हातात घेतलंय आणि त्यासाठी तुमची मदत लागणारे. आता मदत म्हटलं की आपल्यातले बरेच जण कपाट उघडतात आणि जे जे नको असेल ते पिशवीत कोंबून आणून देतात, तसं प्लीज करू नका. मागच्या वेळी तसंच झालं आणि अर्ध्या पिशव्या पुढे कुठे द्यायच्या हे शोधण्यात आमचा वेळ गेला. आधी हे वाचा, मग कपाट उघडा. थोडं लांबलंय पण कामाचं आहे.

आत्तापर्यंत कसं चालायचं ते तुम्ही बघितलंच आहे. ज्याला जे मिळेल ते तो घालून यायचा, थोडं भाड्याने, थोडं कुणाच्या तरी भावाचं, आणि रंगीत तालमीच्या दिवशी कळायचं की दोन भांडणाऱ्या घरांतले सगळेजण एकसारखे दिसतायत आणि जो नोकर म्हणून मागे उभा आहे त्याचाच शर्ट भडक नारिंगी असल्यामुळे लोक त्याच्याकडेच बघतायत. बिचाऱ्याला संवाद एकच होता. तेव्हा ठरवलं की इथून पुढे कपडे जमवायचे ते सेकंड हँड दुकानांतून आणि लोकांच्या कपाटातून, पण रंग ठरवून, फॅशन बघून नाही.

तर रंग हे आहेत. लाल घराण्यात विटकरीपासून डाळिंबीपर्यंत काहीही चालेल. पिवळ्यात हळदी, मातकट, गंजासारखा. निळ्यात राखाडीकडे झुकणारा, म्हणजे ढगाळ दिवसाचा निळा म्हणा. हिरव्यात शेवाळी आणि मेंदी. आणि या सगळ्यांना सांभाळून घ्यायला बदामी, तपकिरी, राखाडी. बास. पोपटी नको, झगमगीत गुलाबी नको, ज्याच्याकडे बघून डोळे चुरचुरतात ते काहीच नको. हे रंग का, तर हे सगळे थोडे मळलेले, दबलेले रंग आहेत आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत. दहा शर्ट आणि सहा पँट किंवा स्कर्ट असे असतील की कुठलाही कशावरही जातो, तर 60 जोड्या होतात. तेच सोळा कपडे प्रत्येकाने आपापल्या आवडीचे आणले तर धड दहा जोड्याही जमत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

शिवाय रंगातून गोष्ट सांगता येते. एक घर विटकरी, दुसरं निळं-राखाडी, मग स्टेजवर कितीही गर्दी होऊ दे, कोण कुणाचं हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला न सांगता कळतं. एका घरातली मुलगी दुसऱ्या घराकडे झुकायला लागली की तिच्या विटकरी कपड्यांवर फक्त एक निळसर स्कार्फ येतो, पुढच्या प्रवेशात निळं जॅकेट येतं, संवादात एक अक्षर बदलावं लागत नाही. म्हणून एकाच रंगाच्या पाच-सहा छटा आम्हाला हव्यात, पाच-सहा एकसारखे कपडे नकोत. एकसारखे घातले की युनिफॉर्म वाटतो.

आता एक फजिती सांगतो, म्हणजे आम्ही रंगाबद्दल एवढे किचकट का झालोय ते कळेल. एका जुन्या कपड्यांच्या दुकानातून आम्ही गठ्ठाभर हिरवे कपडे उचलले, ट्यूबलाइटखाली सगळे अगदी एका ताग्यातले वाटत होते, खूश होऊन बाहेर आलो आणि उन्हात बघतो तर एक निळसर, एक पिवळट आणि एक सरळ तपकिरी. दोन कापडांना वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेलं असलं की ती एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात सोडून देतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. बरं, तेही चाललं असतं, पण तालमीत प्रकाशयोजनावाल्याने लाल लाइट सोडला आणि सगळा हिरवा गठ्ठा काळा पडला! कापड काही स्वतः उजळत नाही, त्याच्यावर जो प्रकाश पडेल त्यातलाच काही परत फेकतं, आणि नुसत्या लाल प्रकाशात परत फेकायला हिरवं काही नसतंच. निळ्या लाइटखाली विटकरीचं असंच होतं. त्यामुळे आता प्रत्येक कपडा आधी खिडकीत आणि मग स्टेजच्या लाइटखाली बघितल्याशिवाय रॅकवर जात नाही.

शेजारी काय आहे त्यानेही रंग बदलतो. फ्रान्समध्ये गोबेलँ नावाचा एक कारखाना होता, भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं बनवणारा, तिथे रंगाऱ्यांचा प्रमुख होता मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ. त्याच्याकडे तक्रार आली की तुमचा काळा रंग फिका पडतो. त्याने तपासलं तर काळ्यात काही खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. या शेजारधर्मावर त्याने पुढे अख्खं पुस्तक लिहिलं, 1839 साली. सांगायचा मुद्दा, तुमचा एखादा मळकट तपकिरी शर्ट तुम्हाला घरात अगदीच मेलेला वाटत असेल, तो आमच्या निळ्या कोटाशेजारी उभा राहिला की मस्त उबदार दिसतो. म्हणून ‘हा काय द्यायचा’ असं वाटणारा कपडा आधी आम्हाला दाखवा, तुम्हीच बाद करू नका.

पांढरा शुभ्र आणि काळा कुळकुळीत मात्र कमीच आणा. पांढरा लाइटखाली एवढा चमकतो की चेहरा बाजूला राहतो आणि कॉलरच दिसते, म्हणून नाटकवाले पांढरे कपडे चहाच्या पाण्यात बुडवून काढतात, आम्हीही तेच करतो. काळ्याचं उलटं, मागे काळा पडदा असला की माणूस गायब आणि मुंडकं तेवढं तरंगतं. भुताच्या प्रवेशाला ठीक आहे. तसेही काळे सगळे सारखे नसतात, दोन काळ्या पँट उन्हात शेजारी धरून बघा, एक चॉकलेटी निघेल एक निळसर.

कापड कुठलं हेही बघायला लागतं, कारण जमलं नाही तर रंगवून घ्यायचा बेत आहे. सुती, लिनन, रेयॉन असेल तर रिॲक्टिव्ह रंग आणि सोडा ॲश वापरून छान रंग बसतो. लोकर, रेशीम, नायलॉनला वेगळे रंग लागतात, ॲसिडवाले, व्हिनेगर घालून गरम पाण्यात. पॉलिस्टर मात्र हट्टी, त्याला त्याचे खास रंग आणि बराच वेळ उकळतं पाणी लागतं, तेव्हा पॉलिस्टर असेल तर त्याचा आहे तोच रंग आमच्या यादीतला असायला हवा. आत लेबल असेल तर ते कापून टाकू नका. लेबल नसलं तर आम्ही शिवणीतला एखादा धागा काढून जाळून बघतो, कागद जळल्यासारखा वास आला तर सुती, केस जळल्यासारखा आला तर लोकर किंवा रेशीम, आणि वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. (घरी करून बघणार असाल तर बेसिनवर करा आणि मुलांना लांब ठेवा.) आणखी एक, रंगवून कापड गडदच होतं, फिकं होत नाही, आणि मूळ रंग खाली राहतोच, पिवळ्यावर निळा चढवला तर हिरवाच मिळणार. म्हणजे फिके, विटलेले सुती कपडे आमच्यासाठी सोनं आहे. फक्त शिवण बऱ्याचदा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते, त्यामुळे पहिला शर्ट झोकात तपकिरी रंगवला तेव्हा टाके सगळे पांढरेशुभ्र राहिले, लांबून जाळं टाकल्यासारखा दिसत होता. तो आता भिकाऱ्याच्या भूमिकेसाठी ठेवलाय.

साइझ मोठा असेल तर उत्तम, मोठं आत घेता येतं, लहान कुठून वाढवणार. आत शिवणीत मार्जिन सोडलेलं असेल तर फारच छान. बटणं गेली, चेन बिघडली, अस्तर फाटलं, कॉलर झिजली, चालेल, ते आम्ही बघतो. काखेत कापड विरलेलं असेल तर नको, स्टेजवर हात वर केला की तिथेच फाटतं. जुने पडदे आणि चादरी यादीतल्या रंगात असतील तर जरूर द्या, एका पडद्यात एक घेरदार स्कर्ट आणि वर दोन शाली निघतात.

कपडे धुऊन, पूर्ण वाळवून द्या, ही विनंती नाही, अटच समजा. दुकानातून आणलेले आम्ही सीलबंद पिशवीत वेगळे ठेवतो, संशय आला तर पिशवी चार दिवस फ्रीझरमध्ये, उणे 18 डिग्रीला, म्हणजे ढेकूण असले तरी खेळ खलास. जे धुता येत नाही, जाड कोट वगैरे, त्यावर दोन प्रयोगांच्या मध्ये पाणी घालून पातळ केलेली व्होडका फवारतात, घामाचा वास जातो, हे जगभरच्या कपडेपटातलं उघड गुपित आहे. त्यामुळे कुणाकडे अर्धी बाटली पडून असेल तर तीही कपडेपटाच्याच नावाने द्या, आमच्यातल्या काही जणांचे डोळे आधीच चमकलेत.

कपड्यांशिवायही मदत करता येईल. शिवणकाम येणारे दोघे-तिघे हवेत, फार कलाकुसर नाही, उसवणं, आत घेणं, बटणं बदलणं. वर्गवारी करायला माणसं हवीत, तीही दिवसाउजेडी, संध्याकाळी येऊन उपयोग नाही, वर हिरव्याची गोष्ट सांगितलीच आहे. रंगवायला एक मोठं स्टीलचं पातेलं हवंय, पण एकदा रंगाला वापरलं की ते परत स्वयंपाकाला वापरायचं नाही, तेव्हा परत मिळेल या आशेने देऊ नका. आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी रंग, सोडा, दोरे, इलॅस्टिक यासाठी जमेल तेवढे पैसे दिले तरी चालतील, प्रत्येक खरेदीची पावती फाइलला लावतोय, कुणीही कधीही बघावी.

द्यायच्या आधी फोटो पाठवा, म्हणजे तुमचीही खेप वाचेल. फोटो खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद, फिल्टर अजिबात नाही, आणि कपड्याशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. मोबाइल आपल्या मनाने रंग बदलतो, कागद फोटोत पिवळट किंवा निळसर दिसला की आम्हाला कळतं किती बदललाय ते. सोबत छाती, कंबर आणि उंचीचं माप टाका, तेच आम्ही कापडी पट्टीवर लिहून आत टाचणार आहोत.

सामान तालमीच्या हॉलवर आणा, पण उजेड असेपर्यंत. आणि हँगर असतील तर तेही आणा, लाकडी किंवा जाड प्लास्टिकचे. तारेचे नकोत, त्याने कोटाच्या खांद्याला टोकं येतात.