यंदा गणपतीला येत नाही, रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेलो की आईचा आवाज भरून येतो आणि मग मला पुढचं बोलवत नाही, म्हणून लिहून पाठवतोय. बाबा, आईला चष्मा लावून स्वतः वाचू दे, तुम्ही वाचून दाखवलंत तर मधली वाक्यं गाळाल.

यंदा गणपतीला आम्ही येत नाही. मनूला उपचारासाठी हैदराबादला नेतोय, तारीख मिळाली ती नेमकी चतुर्थीच्या आठवड्यातली. ठरलंय, पैसे भरलेत, तिकिटं काढलीत. पुढे ढकलता येईल का हे मी विचारलं, दोनदा विचारलं. पण तिच्या स्वादुपिंडाच्या नळीत खडे झालेत, त्यांनी नळी अडते आणि पाचक रस आत तुंबतो. पोटदुखीचा एक अटॅक येऊन गेला की पुढचा येईपर्यंत जो मधला काळ मिळतो त्यातच हे करून घ्यायचं असतं, दिवाळीपर्यंत थांबलो आणि मध्येच परत सलाईन लावून अ‍ॅडमिट करायची पाळी आली तर ती पोर किती सोसणार. वर्षभरात वजन वाढलं नाहीये तिचं. मे महिन्यात आली होती तेव्हा तिने हापूसकडेसुद्धा बघितलं नाही, तुम्ही पाहिलंत ना.

आई, पोट फाडायचं नाहीये. झोपेचं इंजेक्शन देऊन मशीनमधून बाहेरूनच लाटा सोडतात, मुतखडा फोडतात तसाच खड्यांचा भुगा करतात, मग तोंडातून दुर्बीण घालून भुगा काढतात आणि नळी उघडी राहावी म्हणून आत एक बारीक प्लास्टिकची नळी ठेवतात, स्टेंट म्हणतात तिला. ती काही महिन्यांनी बदलावी लागते म्हणजे परत जावं लागेल. याने आजार मुळापासून जाणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण वाडीत सगळे विचारतील "बरी झाली ना". दुखणं कमी व्हावं, तिला खाता यावं, चार चौघींसारखी वाढावी, एवढ्यासाठी चाललंय हे.

आता बाबा, तुम्ही परवा हळूच विचारलंत ना, आपल्या घराण्यातून आलं का रे, आणि आईने लगेच फोन काढून घेतला. त्याचं उत्तर हो, पण अर्धंच. स्पिंक-वन नावाचा एक जीन आहे, त्यातला बदल मनूला दोन्ही बाजूंनी मिळालाय, एक माझ्याकडून, एक तिच्या आईकडून. आम्हा दोघांचंही रक्त तपासलं. त्यामुळे आई, सुनेला परत "तुमच्याकडे कोणाला होतं का गं" असं विचारू नकोस, तू साध्या मनाने विचारलंस हे मला ठाऊक आहे, पण ती त्या दिवशी जेवली नाही.

शंभरात एक-दोन माणसांकडे हा बदल असतो आणि ज्यांच्या जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असते त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. माझ्याकडे आहे, मला काय झालं? तुमच्याकडेही असणार, आणि तुम्ही या वयात अजून आगराचं शिंपणं करता. पाचक रस आतड्यात उतरल्यावर कामाला लागायचा असतो, पण कधी तो स्वादुपिंडातच जागा होतो, तेव्हा त्याला जागच्या जागी अडवणारं एक प्रथिन हा जीन बनवतो. ते कमी पडलं तर कुंभार्ली घाटात एसटीचा ब्रेक लागू नये तशी गत, रस त्या ग्रंथीलाच पचवायला लागतो. यात तुम्ही काय दिलंत आणि काय चुकलात? मला तुमचे डोळेही मिळालेत, त्याचा कधी हिशोब मागितला नाही मी.

आणि भाऊकाका. मनूचं दुखायला लागलं की ती आडवी होत नाही, गुडघे पोटाशी घेऊन, उशी आवळून पुढे वाकून बसते. मी पहिल्यांदा तसं बसलेली बघितली आणि मला आपल्या पडवीतला काका दिसला, गोधडीची वळकटी पोटाशी घट्ट धरलेला. मी त्याच्या पाठीला पाठ लावून पाढे म्हणायचो आणि मी अडलो की तो तशा दुखण्यातही पुढचा आकडा सांगायचा. जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्या बाईंनी घरातल्यांचं सगळं विचारून कागदावर घराण्याचा तक्ता काढला, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. मी सांगितलं, काकाचं लहानपणापासून पोट दुखायचं, खाल्लेलं अंगाला लागायचं नाही, शौचाला तेलकट व्हायचं, तिशीच्या आत साखर निघाली. त्यांनी काकाचा चौकोन पेनाने काळा भरला, म्हणजे हा आजार असलेला माणूस, आणि विचारलं, दारू प्यायचे का? मी म्हटलं, थेंबसुद्धा नाही. गावभर मात्र "दारूने गेला" हेच राहिलं ना बाबा, आणि आजी ते ऐकत ऐकत गेली.

काका गेला 1991 ला. या जीनचा आणि या आजाराचा संबंध कळला 2000 साली, आणि आपल्याकडच्या रुग्णांमध्ये हाच बदल महत्त्वाचा आहे हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवलं. तुम्ही दर वर्षी त्याच्या तिथीला म्हणता, मुंबईला नेला असता तर. मुंबईतही तेव्हा मूळ कारण कोणाला सांगता आलं नसतं. ते आता मनातून काढा, माझ्यासाठी काढा. मनूच्या वेळी तर सगळं माहीत असण्याचा काळ, तरी इथल्या एका डॉक्टरांनी जंत, अ‍ॅसिडिटी, शाळेचा कंटाळा असं करत किती दिवस घालवले, शेवटी रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातला एक पाचक घटक, तपासलं तेव्हा नेहमीच्या तिपटीच्या वर निघालं.

मनूच्या धाकट्या भावाची तपासणी आत्ता करत नाहीये. त्याच्यात दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता चारात एक आहे, पण त्याला काही त्रास नाही, मोठा झाला की तो ठरवेल असं काउन्सेलरनीच सांगितलं. उगाच त्याचं पोट दाबून बघू नका.

आई, तू फणस आणि नारळाला दोष देणं सोड. केरळात या आजारासाठी किती वर्षं टॅपिओकाला, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात त्या कंदाला, दोष दिला, पण तो सिद्ध झाला नाही. मनूला उपाशी ठेवायचं नाहीये, उलट थोडं थोडं पण सारखं खायला घालायचंय. जेवताना पहिल्या घासाबरोबर एन्झाइमची, म्हणजे अन्न पचवणाऱ्या रसाची, कॅप्सूल, चावायची नाही, गिळायची. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात, आत्ताच सांगतो म्हणजे नंतर कुठून कळून तुला कसंतरी व्हायला नको. डबी देवघराशेजारच्या फडताळात ठेवायची नसेल तर नको ठेवूस, स्वयंपाकघरात ठेव, पण तिच्यासमोर नाक मुरडू नकोस हां. हैदराबादला हॉस्पिटलजवळ खोली घेतलीय, गॅस आहे, आपले तांदूळ, कुळथाचं पीठ, आगळ घेऊन जातोय, तिचे हाल होणार नाहीत.

तुमचंही सांगतो. पाट मूर्तिकाराकडे पोचवलाय, गणपती डोक्यावरून आणायला शेजारचा दादा येणार आहे, बाबा तुम्ही फक्त सोबत चाला, निसरड्या पाखाडीवरून मूर्ती तुम्ही उचलायची नाही. मोदकांना मावशी येतेय, आई तू खुर्चीवर बसून सारण कर, गुडघे दुमडून बसायचं नाही. दुसरा सिलेंडर भरलेला आहे, इन्व्हर्टरची बॅटरी बदललीय. आरतीला व्हिडिओ कॉल लावा, मनूला टाळ वाजवायचाय.

बाबा, विडी बंद. या आजारात विडीने फार लवकर बिघडतं हे सिद्ध झालंय, आणि तो बदल तुमच्यातही आहे असं धरून चाला. मी लहान असताना तुमच्या खिशातल्या विड्या आगरात पुरून यायचो तेव्हा तुम्ही कधी ओरडला नाहीत, म्हणून आता मीच ओरडतोय. आणि उद्याच्या उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन साखर तपासा, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, नुसतं "नॉर्मल आहे" म्हणून लिहू नका.

तुमचा
बाळा