आईच्या ऑपरेशनबद्दल, तुम्हा दोघांना

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा दुसरंच काहीतरी बोलायला लागतात आणि आई एकदम गप्प होते, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. आईला वरच्या पापण्यांचं ऑपरेशन करायचंय, फेसलिफ्टचंही, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी वर ताणून घ्यायचंही, विचारून बघायचंय, आणि बाबा तुमचं एकच पालुपद, "या वयात कशाला ही थेरं?"

बाबा, तुम्ही केस रंगवता, पुढचे दात इम्प्लांट करून घेतलेत, तेव्हा तुमचं वय कुणी काढलं नाही, आईने तर नाहीच नाही. मग तिच्या वेळी वय का मधे येतं? आणि तिला नीट बघा एकदा, पेपर वाचताना ती भुवया वर ताणून वाचते, मधेच बोटाने पापणी उचलून धरते, आणि संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणून बाम चोळत बसते. पापणीची कातडी सैल होऊन पार पापणीच्या केसांवर आली की वरच्या बाजूचं दिसणं खरंच झाकलं जातं. डोळ्यांचे डॉक्टर फील्ड टेस्ट करून किती झाकलं जातंय ते सांगतात. ती टेस्ट आधी करून घ्या. पण समजा टेस्ट नॉर्मल आली, तरी आईला आरशात थकलेला चेहरा नको असेल तर तेवढं कारणही मला पुरेसं वाटतं.

आणि हे आजचं फॅड आहे असंही नाही. सुझान नोएल म्हणून पॅरिसमध्ये एक डॉक्टर होत्या, पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या चेहऱ्यांवर त्यांनी काम केलं, आणि वय दिसायला लागलं म्हणून ज्यांना काम मिळेना अशा बायकांच्या चेहऱ्यांवरही त्या ऑपरेशन करायच्या. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झगडल्या. मला फार आवडल्या त्या.

आई, आता तुझ्याशी. मी तुझ्या बाजूने आहे, पण तुझी काळजीही वाटते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. पापण्यांचं काम त्यातल्या त्यात छोटं, बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून करतात, आठवड्याभरात टाके निघतात, काळंनिळं आणि सूज दोनेक आठवडे राहते. पण तुझे डोळे आधीच कोरडे पडतात, आणि या ऑपरेशननंतर कोरडेपणा वाढू शकतो, तेव्हा तू ड्रॉप्स घालतेस हे डॉक्टरांना आधीच सांग. फेसलिफ्ट मात्र मोठं प्रकरण आहे. कानाच्या पुढून मागून कापून आतला थर वर ओढून बसवतात, काही तास लागतात, आणि नंतर कातडीखाली रक्त साठण्याचा धोका असतो, तो बहुतेक पहिल्या २४ तासांतच, आणि बीपी वर गेलं की जास्त. तुझं बीपी गेल्या काही महिन्यांत वरखाली होतंय, म्हणून माझं मत विचारशील तर आत्ता फक्त पापण्या कर, फेसलिफ्ट बीपी स्थिर झाल्यावर बघू. नुसतं वय झालं म्हणून कुणी नाही म्हणत नाहीत गं, पण बीपी, शुगर, हृदय हे सगळं तपासल्याशिवाय हो म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नकोस.

रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हृदयाचे डॉक्टर सांगतील तसंच. लसणाच्या आणि फिश ऑइलच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई हेही सांगायचं, त्यानेही रक्तस्राव वाढू शकतो.

तुझ्या मैत्रिणीने ब्युटी पार्लरमध्ये फिलर, म्हणजे चेहरा भरल्यासारखा दिसावा म्हणूनचं इंजेक्शन, घेतलं म्हणालीस ना, ते तू अजिबात करू नकोस. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळाही जातो, आणि तशा वेळी काय करायचं ते माहीत असलेला डॉक्टर समोरच हवा. बोटॉक्सचं, म्हणजे सुरकुत्या कमी करायच्या इंजेक्शनचं, म्हणशील तर ते तीन-चार महिनेच टिकतं, परत परत घ्यावं लागतं, आणि तुझ्या पापणीची लोंबणारी कातडी त्याने जाणार नाही.

एक गोष्ट विचारते, रागावू नकोस. हे तुला स्वतःला हवंय की त्या लग्नात "किती उतरलीस गं" असं कुणीतरी म्हणालं म्हणून? तुलाच हवंय असं असेल तर पुढे मी एक शब्द बोलणार नाही. त्या बोलण्यामुळे असेल तर थोडं थांब, कारण डोळे मोकळे होतील पण टोचून बोलणारी माणसं तीच राहणार.

बाबा, डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा तुम्ही बरोबर जा, फाइल आणि सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन. ते प्लास्टिक सर्जन आहेत ना, अशी किती ऑपरेशनं केलीत, गडबड झाली तर कुठे अॅडमिट करणार, हे तुम्हीच विचारा, आईला संकोच वाटतो. तारीख ठरली की लगेच कळवा, मी रजा टाकून येते, पहिले काही दिवस बर्फाने शेकणं आणि ड्रॉप्स मी बघेन, तिला वाकू द्यायचं नाही आणि जड उचलू द्यायचं नाही एवढं तुम्ही सांभाळा.

तुमची,
मनू