लवंग कुठली आणि दवाखाना कुठला

प्रिय दादा,

घरी केलेली वीस लिटर गव्हाची बिअर तिसऱ्यांदा ओतून द्यायची वेळ आली, त्या रात्री मी तुम्हाला फोन केला. आता हे सगळं बंद करतो, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही समजूत घातली नाहीत. ‘वास कसला येतो, नेमकं सांग,’ म्हणालात. मी म्हटलं, लवंगेचा, पण फार उग्र. ‘ओतू नकोस. उद्या येतो.’

दुसऱ्या दिवशी तुम्ही टेबलावर तीन वाट्या मांडल्यात. एकीत कोमट पाण्यात ठेचलेल्या लवंगा, दुसरीत माझी बिअर, तिसरीत पाकिटातून नुकतीच काढलेली, जखमेवर लावायची चिकटपट्टी. डोळे मिटून हुंगायला लावलंत आणि बिअरची जोडी कुणाशी जमते ते विचारलंत. माझा हात चिकटपट्टीच्या वाटीवर गेला. लवंग त्या बिअरमध्ये जवळजवळ नव्हतीच!

तोवर मी भलत्याच मागे लागलो होतो. लवंग कमी व्हावी म्हणून मॅशिंगमधला, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवण्यातला, ४५ अंशांचा टप्पा गाळला, फर्मेंटेशन (आंबवणं) २४ अंशांवर नेलं. त्याने केळ्याचा वास बेसुमार वाढला, औषधी वास मात्र जागचा हलला नाही. हलणार कसा? लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायाकॉलचा. माल्टमधलं फेरुलिक आम्ल ४३ ते ४५ अंशांच्या आसपास चांगलं सुटतं आणि गव्हाच्या बिअरचं यीस्ट त्यापासून तो वास तयार करतं. दवाखान्याचा वास क्लोरोफिनॉलचा. क्लोरीन आणि फिनॉल एकत्र आले की तो तयार होतो, अब्जात काही भाग असला तरी नाकाला कळतो, आणि बाटल्या महिनोन्महिने ठेवल्या तरी जात नाही.

मग विचारलंत, ‘बादली कशाने धुतोस?’ ब्लीचने, एकदा विसळून. ‘आणि पाणी?’ थेट नळाचं.

उत्तर तुम्हाला तिथेच कळलं होतं. तरी माझ्याकडून पाच-पाच लिटरच्या दोन बॅच करून घेतल्यात. माल्ट तेच, यीस्ट तेच, ब्लीच दोन्हींत वर्ज्य. एकीत नुसतं नळाचं पाणी, दुसरीत पाण्यातलं क्लोरीन घालवणाऱ्या कॅम्पडेनच्या गोळीचा चिमूटभर चुरा, कारण एक अख्खी गोळी ७५ लिटरला पुरते. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर चालेल का, असं मी विचारलं होतं. क्लोरीन तसं उडून जातं, क्लोरामाइन हे त्याचं संयुग मात्र चिवट असतं, हे तेव्हा कळलं. नळाच्या पाण्याच्या बॅचला तो वास पुसट का होईना, होता. दुसरीला अजिबात नव्हता. म्हणजे पाणीही दोषी होतं आणि ब्लीच त्याहून जास्त. हे तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तर मी मान डोलावली असती आणि पुढच्या वेळी पुन्हा यीस्टलाच दोष दिला असता.

माझ्यासाठी तुम्ही दोन रविवार दिलेत, त्या वाईट बिअरचा घोट तोंड न वाकडं करता घेतलात. त्याबद्दल मनापासून आभार.

ब्लीच आता बाद. ४५ अंशांचा टप्पा परत आणलाय, फर्मेंटेशन १८ अंशांवर केलं. परवा पहिली बाटली उघडली. फेस दाट, आधी केळं, मग घोट गिळल्यावर लवंग. तुमच्यासाठी सहा बाटल्या बाजूला ठेवल्यात. केळ्याचा वास लवकर उतरतो, तेव्हा फार उशीर करू नका.

तुमचा,
तीन वाट्यांवाला