पुण्याला आणत नाहीये, म्हणून हे पत्र

ती. आई आणि अण्णा,
सा. न.

अण्णा, हे आईजवळ बसून मोठ्यानं वाचा, मधलं काही गाळू नका. या विसरण्याच्या आजारात तिला सगळं उमगेल असं नाही, पण तिच्याबद्दल जे ठरतंय ते तिच्या कानावर पडलंच पाहिजे. डॉक्टर तिच्यासमोर तिच्याविषयी तुमच्याशी बोलतात तेव्हा ती पदराचं टोक पिळत बसते. मी बघितलंय.

दादा आणि मी ठरवलंय. आई माझ्याकडं पुण्याला येणार नाही, दादाकडं हैदराबादलाही जाणार नाही. लातूरच्या त्या वृद्धांना सांभाळणाऱ्या केंद्रातही सध्या नाही. ती घरीच राहील, आणि सोमवारपासून दिवसरात्र राहणाऱ्या एक मावशी येतील. पगार आम्ही दोघं निम्मा-निम्मा देऊ, तुमच्या पेन्शनला हात लागणार नाही.

आत्या म्हणेल, पोरीनं आईला परक्या बाईच्या हवाली केलं. म्हणू द्या. माझ्याकडं नववा मजला, सगळीकडं सारखीच दारं. दिवाळीत ती रात्री उठून ‘न्हाणी कुठंय गं’ म्हणत माझं कपाट उघडायली होती. अंबाजोगाईच्या घरात अंधारातसुद्धा तिचा हात नेमका बटणावर जातो. या आजारात घर बदललं की गोंधळ वाढतो, हे डॉक्टरांनी तुम्हालाही सांगितलंय. आणि मी सकाळी नऊला बाहेर पडते ती सातला येते. म्हणजे इथंही मावशीच ठेवावी लागली असती, फक्त योगेश्वरीचं देऊळ नसतं आणि तुम्ही नसता. वहिनीनं नोकरी सोडून यावं, हे तर आत्याला सुचलंच कसं? तिच्या आईचंही वय झालंय की.

तुम्ही म्हणाल, मी आहे ना. आहात. पण ती रात्री जितक्यांदा उठते तितक्यांदा तुम्ही उठता, आणि परवा फोनवर बोलता-बोलता तुमचा डोळा लागला. बीपीची गोळी चुकते ते वेगळंच. तुम्ही आडवे झालात तर दोघांकडं कोण बघणार? केंद्र काही वाईट नाही. तुमचं ऑपरेशन निघालं, किंवा आईला उचलूनच हलवावं लागलं, तर तेव्हा तोही विचार करू. कायमचं असं काही ठरवलेलं नाही.

सकाळच्या चहानंतर आई जरा ताळ्यावर असते. तेव्हाच तिला विचारा, ही बाई चालेल का. बोलली नाही तरी चेहऱ्यावरून कळतं. तिनं मान फिरवली तर मला सांगा, दुसऱ्या बघू. तुम्हाला पसंत पडल्या एवढ्यावर भागायचं नाही.

आता एक बोलते, रागावू नका. दूध आणायला जाताना तुम्ही बाहेरून कडी लावता. काळजीपोटीच लावता, मंडी बाजारात ती सापडली तेव्हापासून तुमचा जीव थाऱ्यावर नाही. पण आत काही पेटलं तर तिनं काय करायचं? आता घरात माणूस असेल, कडी लावायची नाही. फाटकाला घंटी बांधा, आणि फोन नंबरची पट्टी तिच्या बांगड्यांत घाला. गोळी वरणात कुस्करणंही बंद. काही गोळ्या कुस्करून चालतच नाहीत, आणि घास कडू लागला की ती ताटावरून उठते. पातळ औषध मिळतं का, डॉक्टरांना विचारा.

ती घाटनांदूरला आईकडं जायचं म्हणते तेव्हा ‘ती केव्हाच गेली’ असं सांगू नका. दर वेळी तिला ते नव्यानंच कळतं आणि ती नव्यानं रडते. खोटंही बोलायला नको. ‘तुझी आई सुसला कसा करायची गं?’ एवढं विचारा, की बसेल सांगत.

आई, 1993 च्या भूकंपानंतर आपण अंगणात झोपायचो. माझ्या फ्रॉकच्या नाडीला तू पदर बांधून झोपायचीस, मी उठले की तुला कळावं म्हणून. तू कधी झोपायचीस, देव जाणे.

अण्णा, घर माझ्या नावावर करायचं खूळ सोडा. ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे: सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि पुढं सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. म्हणजे आधी घर द्यायचं आणि मग प्रांतांकडं खेटे घालायचे! आणि अट कागदावर नसली तर वादच. दादाला काय वाटेल तेही आहेच. घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे तसंच राहू द्या.

आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मात्र दोघांचं काढा. 70 आणि त्यापुढच्यांना वर्षाला, दोघांत मिळून, 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरच, मावशीचा पगार त्यातून निघत नाही.

अजून एक, हे लिहिताना हात जड होतोय. उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर नळ्या-मशीन कुठवर लावायचं, हे तुमचं तुम्ही लिहून ठेवा. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये ते सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. तुम्हाला काही होतंय म्हणून नाही हो. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि दादा भांडू नये म्हणून. आईला आता असा कागद करता येणार नाही. पण तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. तेही वहीत लिहा.

मावशींचं. तुम्ही जेवता तेच त्यांना वाढायचं. त्यांना वेगळी खोली, रविवारी सुट्टी. त्या दिवशी शेजारच्या काकू बसतील, मी विचारलंय. रात्री आई जागी राहिली तर दुपारी त्यांना झोपू द्या. ‘ए बाई’ म्हणून हाक मारायची नाही. आंघोळ त्याच घालतील, तेव्हा दार लोटून घ्या. आणि तुम्ही रविवार सोडून रोज संध्याकाळी तासभर मित्रांत जाऊन बसा. आई घरी आहे म्हणून पाय मागं घेऊ नका.

आई, मावशींना येसर मसाला करता येत नाही म्हणे. तू शिकव.

तुमची,
माई

ता. क. काही अडलं आणि आमचे फोन लागले नाहीत, तर ज्येष्ठांसाठी 14567 हा नंबर आहे. कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. चष्म्याचा नंबर याच आठवड्यात तपासून घ्या, ‘बघू’ म्हणू नका.