झाडाखालचा पाचोळा झाडाखालीच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या बागकामाच्या पानावर एका घरच्या बागेचा मोठा फोटो आला होता, खाली लिहिलं होतं 'नीटनेटकी बाग'. फोटो सुंदरच होता, पण मी तो बराच वेळ बघत बसले कारण त्या अख्ख्या बागेत जमिनीवर एक वाळकं पान नव्हतं. माती खराट्याने झाडलेली, चक्क खराट्याच्या रेघा दिसत होत्या, आणि त्या मातीला बारीक बारीक भेगा पडलेल्या. आपण सगळेच ह्याला स्वच्छ म्हणतो, मीही कितीतरी वर्षं म्हणत होते, म्हणून हे पत्र. उघडी माती म्हणजे स्वच्छ माती नाही हो, ती उपाशी आणि तहानलेली माती आहे.

जंगलात कोणी झाडू मारत नाही, तिथे पानं पडतात, वरची वाळतात, खालची कुजतात आणि सगळ्यात खाली काळीभोर भुसभुशीत माती तयार होत राहते. आपण घरी नेमकं उलटं करतो. पानं गोळा करून पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत देतो नाहीतर सरळ काडी लावतो, आणि मग त्याच झाडाला बाहेरून विकत आणलेलं खत घालतो आणि दिवसातून दोनदा पाणी घालतो. आमच्या आवारात मी मागच्या पानगळीत कोपऱ्यात पानांच्या सहा गोण्या भरून ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कोणीतरी सगळ्या पेटवून दिलेल्या, दुपारपर्यंत धूर होता आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना खिडक्या बंद करून बसावं लागलं. पाचोळ्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण असतात हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी जाळतात. मला खरंच फार वाईट वाटलं, ती माझ्या वाफ्याची सहा महिन्यांची चादर होती.

मल्चिंग किंवा आच्छादन म्हटलं की लोकांना वाटतं हे शेतकऱ्यांचं काहीतरी, काळ्या प्लॅस्टिकचा कागद वगैरे. घरच्या बागेला त्याची काही गरज नाही. मल्च म्हणजे मातीवरचं पांघरूण, बस. वाळकी पानं, पेंढा, वाळवलेलं गवत, छाटणीच्या बारीक काड्या, नारळाच्या शेंड्या, जे कुजतं ते सगळं चालतं. प्लॅस्टिकखाली पावसाचं पाणी नीट मुरत नाही आणि काही दिवसांनी त्याच्या चिंध्या मातीत मिसळून बसतात, त्या कधीच निघत नाहीत, म्हणून घरच्या बागेत मी तरी ते वापरू नका असंच सांगेन. गोटे-खडी कॅक्टससारख्या झाडांना ठीक, पण ती उन्हात तापतात आणि मातीला खायला काहीच देत नाहीत.

मला स्वतःला पटलं ते दोन कुंड्यांमुळे. सारख्या मापाच्या, एकाच ढिगातली माती, एकाच दिवशी लावलेली मिरचीची रोपं, एकीत वर दोन बोटं जाड वाळक्या पानांचा चुरा घातला आणि दुसरी तशीच ठेवली, पाणी दोघींना तेवढंच. तिसऱ्या दिवशी उघड्या कुंडीतली माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली होती, एवढी की झारीने पाणी घातलं तर ते कडेच्या फटीतून सरळ खाली ताटलीत आलं, मुळांना मिळालंच नाही, आणि आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं. दुसऱ्या कुंडीत पानं बाजूला करून बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत ओल होती आणि मातीचा तो पहिल्या पावसासारखा वास आला. कडक उन्हात उघड्या कोरड्या मातीचा वरचा थर 50 अंशांच्याही वर तापू शकतो, त्यात वरवरची नाजूक मुळं काय जगणार? पांघरूण असलं की ऊन वरच अडतं, वारा मातीला लागत नाही आणि बाष्पीभवन कमी होतं.

पाण्याचं सगळे सांगतात पण शिंतोड्यांचं कोणी सांगत नाही. उघड्या मातीवर पावसाचा किंवा पाइपच्या पाण्याचा थेंब आपटला की चिखलाचे शिंतोडे खालच्या पानांवर उडतात, आणि त्या चिखलाबरोबर मातीतली आणि जुन्या सडक्या पानांवरची बुरशी वर जाते. टोमॅटोची खालची पानं आधी पिवळी पडून त्यावर काळपट गोल गोल डाग येतात ना, करपा म्हणतात तो, तो बऱ्याचदा असाच वर चढतो. पाचोळा घातला की थेंब पानावर पडतो आणि हळूच आत झिरपतो, मातीचा वरचा पापुद्राही धरत नाही. औषध फवारण्याआधी हे करून बघा असं मी सगळ्यांना सांगते.

आता चुका, कारण मल्चमुळे झाड मेलं म्हणणारे लोक मला दर आठवड्याला एक तरी भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. माझंही लिंबाचं एक रोप असंच गेलं. मी हौसेने पानं बुंध्याला चिकटवून ढीगच केला होता, वरून दिसायलाही छान दिसत होतं, दोन महिन्यांनी पानं पिवळी पडायला लागली म्हणून ढीग काढला तर जमिनीलगतची साल मऊ होऊन हाताने सुटत होती. बुंधा सतत ओला राहिला की तो सडतो, त्याला हवा लागते. त्यामुळे बुंध्याभोवती दोन-तीन इंच जागा मोकळीच सोडायची, मोठं झाड असेल तर हाताच्या पंजाएवढी, म्हणजे आच्छादन आळ्यासारखं कडेला उंच आणि मध्ये खोलगट दिसलं पाहिजे, डोंगरासारखं नाही.

दुसरी चूक पाण्याची आणि ही सगळ्यात कॉमन. आच्छादन घालतात आणि पाणी मात्र आधीसारखंच रोज घालत राहतात, मग खाली चिखल होतो, मुळं गुदमरतात, आणि वरून बघितलं तर पाचोळा कोरडा दिसतो म्हणून माणूस आणखी पाणी घालतो! वरचा पाचोळा कोरडाच दिसणार, तो त्यासाठीच आहे. पानं बाजूला करून बोट घालून बघायचं, दोन पेरं खाली ओल लागली तर झारी परत ठेवून द्यायची. कुंड्यांमध्ये तर हे फारच सांभाळावं लागतं, तिथे एक-दीड इंच थर पुष्कळ झाला, जमिनीतल्या वाफ्यात दोन ते तीन इंच आणि मोठ्या झाडाखाली चार इंचापर्यंत चालतो. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागी थर पातळ करावा. सततच्या ओलीत कुंडीवर त्या बारीक काळ्या माश्या घोंगावायला लागतात, त्यांच्या अळ्या ओल्या कुजक्या थरातच वाढतात, पाणी थोडं तोडून वरचा थर वाळू दिला की त्या कमी होतात.

आणि घालायचं ते ओल्या मातीवर घालायचं. कोरड्या ठणठणीत मातीवर पाचोळा टाकला तर कोरडेपणाच झाकला जातो, थोडासा पाऊस आला तर तो वरच्या वरच अडकतो. आधी तण काढा, भरपूर पाणी द्या, मग झाका. बी पेरलं असेल तर मात्र थांबा, रोपं चांगली बोटभर उंच होऊ देत, नाहीतर नाजूक कोंब खालीच दबतात.

हेच कारण तणाला पण लागू. बऱ्याच बारीक तणांचं बी उजेड लागला तरच उगवतं, अंधारात ते तसंच पडून राहतं, म्हणून खुरपणीचं काम खूप कमी होतं. पण लव्हाळा आणि हरळी ह्यांचं नाव ह्यात घेऊ नका, लव्हाळ्याचा सुईसारखा कोंब पाचोळा तर सोडाच काळं प्लॅस्टिकसुद्धा फोडून वर येतो, तो गाठीसकट खणूनच काढावा लागतो. आणि आच्छादनासाठी गवत घेताना त्याला बी धरलेलं नाही ना आणि त्यावर तणनाशक मारलेलं नाही ना हे दोन्ही विचारून घ्या, नाहीतर आपणच घरात आणून पेरल्यासारखं होतं.

सगळ्या वस्तू सारख्या नसतात हे मला उशिरा कळलं. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कार्बनमागे 1 भाग नायट्रोजन लागतो. लाकडाच्या भुश्यात हेच प्रमाण 200 च्या वर असतं, त्यामुळे भुसा मातीत मिसळला तर जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. नुसता वर पसरला तर हा त्रास मातीच्या अगदी वरच्या थरापुरताच राहतो, म्हणून भुसा, पेंढा, काड्या कधी मातीत कालवायच्या नाहीत, वर ठेवायच्या. प्लायवूड कापताना पडलेला भुसा तर आणूच नका, त्यात गोंद-केमिकल असतं. उलट लॉनचं ताजं कापलेलं गवत, त्यात नायट्रोजन भरपूर, पण जाड थर दिला की गरम होऊन त्याचा चिकट वास मारणारा लगदा होतो, ते आधी एक-दोन दिवस उन्हात वाळवून पातळ पातळ घालावं. मोठी रुंद पानं अख्खी टाकली की एकावर एक चिकटून कौलासारखी बसतात आणि पाणी वरून वाहून जातं, त्यांना गोणीत भरून पायाने तुडवलं की मस्त चुरा होतो, मुलांना द्या हे काम, आनंदाने करतात. निलगिरीची पानं मात्र वेगळी कुजवून मगच वापरावीत, रोपांच्या जवळ ताजी नकोत.

लोक मला अजून एक विचारतात, बुरशी आली, आता काय? पानांखाली पांढरे कापसासारखे धागे दिसले तर घाबरू नका, तीच कुजवण्याचं काम करणारी मंडळी आहे. पावसात कधी एका रात्रीत पिवळाजर्द फेसासारखा गोळा येतो, कोणीतरी ओकल्यासारखा दिसतो, त्याला स्लाइम मोल्ड म्हणतात, झाडाला तो काही करत नाही, दोन-चार दिवसांत वाळून जातो. शेजारच्या ताईंनी तो बघून सगळं आच्छादन उकरून फेकून दिलं होतं आणि वर रॉकेल टाकणार होत्या, मी धावत गेले म्हणून वाफा वाचला. गोगलगायी वाढतात हे मात्र खरं आहे, संध्याकाळी फडकं ओलं करून ठेवायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या उचलायच्या. वाळवी असलेल्या जागी घराच्या भिंतीला आणि लाकडी चौकटीला लागून आच्छादन करू नये, हातभर अंतर ठेवावं.

आणि गांडुळं! मी विकत आणली नव्हती, सोडली नव्हती, पहिल्या पावसाळ्यानंतर पानं बाजूला केली तर खाली त्यांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या गोळ्या पसरलेल्या होत्या. चार्ल्स डार्विनने कित्येक वर्षं गांडुळांचा अभ्यास करून 1881 मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढलं, तो बघत बसायचा की गांडूळ पान बिळात कसं ओढतं, तर बहुतेक वेळा टोकाकडून, कारण तसं ते सहज आत जातं. त्याने कागदाचे त्रिकोण कापून ठेवूनसुद्धा बघितले आणि गांडुळं ते पण जास्त करून टोकाकडूनच ओढायची. मी हे वाचलं त्या रात्री टॉर्च घेऊन वाफ्यात गेले होते, एक वाळकं पान उभं होऊन हळूहळू जमिनीत जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आपण कुदळ मारून जे करतो ते काम तिथे कोणीतरी रात्रभर न बोलता करत असतं, फक्त वर पान पाहिजे.

कागदावरून आठवलं, तुमचा पेपर वाचून झाला की मी तो रद्दीत देत नाही. तण फार असलेल्या वाफ्यात पाच-सहा पानांचा थर अंथरते, एकमेकांवर वीतभर चढवून, आणि आधी बादलीत बुडवून ओला करून, कारण कोरडा कागद पाणी आतच सोडत नाही आणि वाऱ्याने उडतो. त्यावर पाचोळा. तीन-चार महिन्यांत कागद विरघळून मातीत मिसळतो. काळी शाई मुख्यतः काजळीची असते, त्याची भीती नाही, पण पुरवणीचा गुळगुळीत चकचकीत कागद मी बाजूला काढते.

माझी दोन मागणी आहेत. बागकामाच्या पानावर एकदा तरी पाचोळ्याने झाकलेल्या वाफ्याचा फोटो मोठा छापा, तोही जवळून, माती आणि पानं दिसतील असा. आणि पानगळ सुरू व्हायच्या आधी पहिल्या पानावर एक छोटी चौकट द्या की पानं जाळू नका, ज्याला नको असतील त्याने गोणीत भरून बाहेर 'बागेसाठी' असं लिहून ठेवावीत. न्यायला कोणीतरी नक्की येईल, आमच्या भागात मी तरी येईनच, ह्या वर्षी मला कमीत कमी दहा गोण्या लागणार आहेत.

आपली,
एक रोजची वाचक