टॅकोमीटर अ‍ॅडॉप्टरबाबत तक्रार आणि पुली बदलण्याच्या धोकादायक सल्ल्याबाबत हरकत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डिझेल इंजिनावर मूळ पेट्रोल टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा मीटर) चालवण्यासाठी आपल्या वेबसाइटवरून घेतलेला अ‍ॅडॉप्टर निरुपयोगी ठरल्याबाबत, तसेच आपल्या हेल्पलाइनने दिलेल्या सल्ल्याबाबत.

महोदय,

मी अंबाजोगाई, जिल्हा बीड येथे राहतो. माझ्याकडे कॉन्टेसा क्लासिक आहे. गाडी मुळात 1.8 पेट्रोलची. आमच्या वडिलांनी तिच्यात इसुझुचे 2.0 डिझेल इंजिन बसवून घेतले. त्या काळी मराठवाड्यात पेट्रोलची मोठी गाडी पोसणे परवडत नव्हते, म्हणून कितीतरी अ‍ॅम्बेसेडर आणि कॉन्टेसा अशाच डिझेलवर गेल्या. इंजिनबदलाची आणि इंधनाची नोंद आरसीवर रीतसर झालेली आहे. इंजिन उत्तम चालते. फक्त डॅशबोर्डमधला आरपीएमचा काटा त्या दिवसापासून शून्यावर पडून आहे.

त्याचे कारण आपल्याला ठाऊक असणारच. पेट्रोल गाडीचा मीटर इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलच्या) मायनस टर्मिनलवरून विजेचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ते एका फेऱ्याला दोन येतात. डिझेलला कॉइलच नाही, त्यामुळे मीटरची वायर टेप गुंडाळून आत लोंबकळत राहते. नवा डिजिटल मीटर चिकटवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. पण मला गाडीचा मूळ मीटरच चालू करायचा होता. वडिलांनी सांभाळलेली गाडी आहे, तिच्या डॅशबोर्डवर दुसरे काही लावायला माझे मन तयार नाही. आपला अ‍ॅडॉप्टर अल्टरनेटरकडून (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडून) येणारे ठोके भागून कमी करतो आणि मीटरला देतो. त्याच्या खोक्यावर ‘सर्व 12 व्होल्ट डिझेल अल्टरनेटरसाठी, सर्व चार सिलिंडर पेट्रोल मीटरसाठी’ असे ठळक छापले आहे. त्या शब्दांवर विश्वास ठेवून मी हा माल घेतला.

आमच्या इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने जोडणी आपल्या माहितीपत्रकाप्रमाणेच केली : अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (जिथे त्याच्या फिरण्याचे ठोके मिळतात) इनपुट, चावीवरचा प्लस, बॉडीला अर्थ, आणि आउटपुट मीटरच्या जुन्या वायरला. इंजिन सुरू करताच काटा उठला. इतक्या वर्षांनी तो हलताना पाहून मला काय वाटले ते पत्रात लिहिता येणार नाही. पण तो उठून 1200 वर थांबला, आणि इंजिन तर आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, नुसते चालू होते.

जिनिंगमध्ये मोटारींचे काम करणाऱ्या मित्राकडून प्रकाशाने फेरे मोजणारा हातातला टॅकोमीटर आणला आणि क्रँक पुलीवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मुख्य पुलीवर) चमकती पट्टी लावून मोजले. खरे फेरे 800, काटा 1200. खरे 2000, काटा 3000. खरे 2400, काटा 3600. प्रत्येक ठिकाणी बरोबर दीडपट. अ‍ॅडॉप्टरवरचा बारीक स्क्रू एका टोकापर्यंत नेला तेव्हाचे हे आकडे आहेत. उलट दिशेला फिरवला तर काटा आणखी वर जातो.

आपल्या हेल्पलाइनने हे ऐकून घेतले आणि ‘मीटर जुना आहे, खराब झाला असेल’ असे सांगितले. ते मला मान्य नाही. मीटर खराब असता तर काटा कधी जास्त, कधी कमी दाखवता, अडकता, थरथरता. सगळीकडे नेमका दीडपट चुकणारा मीटर खराब नसतो, त्याला मिळणारे ठोकेच दीडपट असतात. तरीही शंका नको म्हणून आम्ही मीटरला अ‍ॅडॉप्टरशिवाय, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 12 व्होल्ट एसी दिला. घरच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ, म्हणजे मिनिटाला 3000 ठोके. फेऱ्याला दोन या हिशोबाने काटा 1500 वर यायला हवा. तो 1500 वर आला आणि तिथेच स्थिर राहिला.

दोष कुठे आहे तेही साध्या हिशोबात सापडते. माझ्या अल्टरनेटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) 12 पोलचा, म्हणजे 12 चुंबकीय ध्रुवांचा आहे, त्यामुळे त्याच्या एका फेऱ्याला डब्ल्यूवर 6 ठोके मिळतात. क्रँक पुली 140 मिमी आणि अल्टरनेटरची 70 मिमी, म्हणून इंजिनाच्या एका फेऱ्याला 12 ठोके. मीटरला हवेत 2. याचा अर्थ अ‍ॅडॉप्टरने सहाने भागायला हवे. मल्टिमीटरवर आयडलला इनपुट 160 हर्ट्‌झ आणि आउटपुट 40 हर्ट्‌झ दिसतो. आपले सर्किट चारच्या पुढे भागतच नाही. ही मर्यादा खोक्यावर नाही, माहितीपत्रकात नाही, वेबसाइटवरही नाही. ती छापली असती तर पुली मोजून पाच मिनिटांत कळले असते की हा माल या गाडीला चालणार नाही.

इथपर्यंत पैशांची गोष्ट होती. माझी खरी हरकत पुढच्या गोष्टीला आहे. आपल्या प्रतिनिधीने मला अल्टरनेटरची पुली मोठी करून घ्यायला सांगितले. हिशोबाने 105 मिमीची पुली लावली की काटा बरोबर येईल, हे खरे. पण पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे (हवा अडवणाऱ्या झडपेमुळे) मॅनिफोल्डला, म्हणजे हवेच्या नळीत, व्हॅक्यूम तयार होतो आणि तो ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या भागाला, मिळतो. डिझेलमध्ये तशी सोय नाही. म्हणून माझ्या इंजिनात अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप आहे. पुली मोठी केली की अल्टरनेटर एक तृतीयांशाने मंदावतो आणि त्याच्याबरोबर पंपही मंदावतो. आयडलला चार्जिंग पडेल ते वेगळेच. मांजरसुंब्याच्या घाटात, पुढे उसाची ट्रॉली असताना, पाय पुन्हा पुन्हा ब्रेकवर जातो. तिथे बूस्टर भरायला उशीर झाला तर काय होईल, याचा विचार हा सल्ला देण्याआधी व्हायला हवा होता. आमच्या इलेक्ट्रिशियनने ऐकताक्षणी नकार दिला म्हणून बरे. दुसरा एखादा ग्राहक मुकाट पुली बदलून घेईल. हा सल्ला आणखी कुणाकुणाला दिला आहे ते शोधून त्यांना तातडीने कळवावे, ही माझी पहिली मागणी आहे.

‘वायर जोडून वापरलेला माल परत घेत नाही’ हे आपले उत्तरही मला मान्य नाही. वायर न जोडता हा माल चालतो की नाही हे कुणाला कळणार? खोक्यावरचा दावा खरा नसेल तर माल सदोष आहे. पूर्ण किंमत आणि टपालखर्च परत द्यावा. त्याऐवजी सहाने भागणारे सर्किट आपल्याकडे असेल तर ते पाठवावे, मग मला पैसे नकोत. आणि पुढच्या खोक्यांवर फेऱ्याला किती ठोक्यांपर्यंत हा अ‍ॅडॉप्टर चालतो तो आकडा छापावा.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली मी बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन; राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय त्या कायद्यात आहे.

बिलाची प्रत, खोक्याचा फोटो, दोन्ही पुलींच्या मापांचे फोटो आणि काटा 1200 वर असताना हातातल्या टॅकोमीटरवर 800 दिसत असल्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक
अंबाजोगाई, जि. बीड