धुळं बघायचं तर लळिंगवरून बघा

संपादक साहेब, नमस्कार. आमच्याकडे मुंबई-पुण्याचा पाहुणा आला की पहिला प्रश्न, तुमच्या धुळ्यात बघायला काय आहे? मी आता बोलतच नाही, सरळ गाडी काढतो आणि आग्रा हायवेने लळिंगला नेतो, गाव जेमतेम दहा किलोमीटर. किल्ला फारुकी राजांचा, खालून अर्धा-पाऊण तास चढ, पण पहाटेच निघा, कारण एप्रिल-मेमधे नऊनंतर दगडच तव्यासारखा तापतो, मग कसला व्ह्यू नि कसलं काय.

वर गेल्यावर उत्तरेला तोंड करून बसायचं. खाली हायवेचा पट्टा, त्यावर काडेपेटीएवढे ट्रक, आणि पुढं धुळं पसरलेलं. पांझरा नदी पाण्यापेक्षा झाडांच्या रेषेवरूनच ओळखू येते, तिच्या पलीकडे आमचं देवपूर. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी हवा धुतल्यासारखी असते तेव्हा जा, उन्हाळ्यात नुसता धुरळा दिसतो. हिवाळ्यात डब्यात कळण्याची भाकर नि भरीत न्या, वर काही मिळत नाही (आणि तेच बरंय म्हणा).

तक्रार एकच. मागच्या रविवारी पाण्याच्या टाक्यात वेफर्सची पाकिटं तरंगत होती, मी नि पोराने काठीने नऊ काढली, बाकीची हाताला येईनात. पायथ्याशी एक कचराकुंडी आणि वाटेवर चार बाण रंगवायला असा किती खर्च येतो?

— एक वाचक, देवपूर, धुळे